अडीच वर्षांचे मूल आणि ३१ डिसेंबरची रेघ

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली २२ वर्षे बालवाडीत शिकवते. आमच्याकडे प्रवेशाचे अर्ज जानेवारीपासून येऊ लागतात आणि तेव्हापासून शाळा सुरू होईपर्यंत दारात आलेला जवळजवळ प्रत्येक पालक पहिला प्रश्न एकच विचारतो : "बाई, आमचं बसतंय का?" बसणे म्हणजे वयात बसणे. शाळेत काय शिकवता, वर्गात मुले किती, मूल रडले तर काय करता, हे प्रश्न नंतर येतात, किंवा येतच नाहीत. वयाच्या या रेघेमुळे घराघरांत काय घडते, हे मी इतक्या वर्षांत जवळून पाहिले आहे, आणि ती रेघ आज जिथे आखली आहे ती जागा चुकीची आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते वाचकांसमोर आणि शिक्षण विभागासमोर मांडावे, म्हणून हे पत्र.

आपल्या राज्यात नर्सरी किंवा खेळगटातील प्रवेशासाठी मुलाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि पहिलीसाठी त्याच तारखेपर्यंत ६ वर्षे. वाचताना नियम सरळ वाटतो. पण शाळा डिसेंबरात सुरू होत नाही, जूनमध्ये होते. जे मूल ३१ डिसेंबर २०२२ रोजी जन्मले, ते जून २०२५ मध्ये नर्सरीच्या प्रवेशास पात्र ठरले. त्या दिवशी त्याचे वय २ वर्षे साडेपाच महिने होते. केंद्रीय मंडळाच्या ज्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तिथे तर तेच मूल सव्वादोन वर्षांचे असताना दारात उभे राहते. दुसऱ्या टोकाला, शिक्षण हक्क कायद्याखालील पंचवीस टक्के राखीव जागांच्या प्रवेशासाठी नर्सरीची वरची मर्यादा ४ वर्षे ५ महिने ३० दिवस आहे. म्हणजे १ जुलै २०२१ रोजी जन्मलेले मूल आणि ३१ डिसेंबर २०२२ रोजी जन्मलेले मूल एकाच वर्गात, एकाच सतरंजीवर बसू शकते. दोघांत अंतर १८ महिन्यांचे. दहावीच्या वर्गात १८ महिन्यांचे अंतर कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण अडीच वर्षांच्या मुलाचे ते अर्ध्याहून अधिक आयुष्य असते.

आमच्या आजीच्या काळी वयाचा हिशेब वेगळा होता. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की मूल शाळेच्या वयाचे झाले, असे मास्तर मानत. जन्माची नोंद नसलेल्या मुलांची तारीख मास्तरांनी १ जून लिहावी, ही रीत तर इतकी सर्वत्र होती, की आजही कोणत्याही गावात ज्येष्ठ नागरिकांची यादी काढली तर १ जूनला वाढदिवस असलेले आजोबा हमखास सापडतात. त्या पद्धतीत चुका पुष्कळ होत्या आणि ती परत यावी असे मी मुळीच म्हणत नाही. जन्मनोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच वयाचा पुरावा झाला आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र कान धरायला सांगणारा मास्तर कागदाऐवजी समोरच्या मुलाकडे पाहत होता, आणि शाळा सुरू होण्याच्या दिवशी ते मूल केवढे आहे हे त्याला दिसत होते. १ जून लिहिणाऱ्या मास्तरांनाही वय शाळेच्या आरंभाशी जुळवायचे असते, एवढे कळत होते.

ही तारीख नेहमी ३१ डिसेंबर नव्हती. २०१५ मध्ये राज्य सरकारने नर्सरीसाठी ३ आणि पहिलीसाठी ६ वर्षे हे सूत्र आणले, तेव्हा वय मोजण्याचा दिवस ३१ जुलै होता. पुढे तो ३० सप्टेंबर झाला, आणि सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून ३१ डिसेंबर झाला. प्रत्येक वेळी तारीख एकाच दिशेने, पुढे सरकली, आणि प्रत्येक वेळी वर्गात येणारे मूल आणखी लहान होत गेले. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे 'वर्ष वाया जाते', हे त्यामागचे गाऱ्हाणे होते. पण रेघ कुठेही आखली तरी तिच्या पलीकडे कोणीतरी एका दिवसाने राहतेच. ३० सप्टेंबरची रेघ होती तेव्हा १ ऑक्टोबरच्या मुलाची आई माझ्यासमोर रडली होती. आता १ जानेवारीच्या मुलाची आई रडते. रेघ सरकवून रडणारी आई बदलली. वर्गाचे मात्र नुकसान झाले.

ते नुकसान कसे दिसते, हे थोडे विस्ताराने सांगते, कारण परिपत्रक लिहिणाऱ्यांना ते कार्यालयातून दिसणे शक्य नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सगळीच मुले रडतात, त्याचे काही वाटत नाही. ऑगस्ट उजाडेपर्यंत साडेतीन वर्षांची मुले डबा स्वतः उघडतात, शू लागली तर येऊन सांगतात, गोल करून बसतात, गोष्ट पुढे काय होणार हे विचारतात. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेली मुले त्या वेळी पावणेतीन वर्षांचीही नसतात. त्यांना चड्डीची नाडी सोडता येत नाही, आणि ओली झाली की लाजेने कोपऱ्यात उभी राहतात. पूर्ण वाक्य अजून जुळत नाही, म्हणून हवी ती वस्तू मिळवण्यासाठी ती चावतात किंवा ओढतात, आणि मग शेजारच्या मुलाची आई 'हे मूल मारकुटे आहे' अशी तक्रार घेऊन येते. अकरा वाजले की त्यांच्या डोळ्यांवर झोप येते, आणि ती वयाला धरूनच असते. खडू त्यांच्या मुठीत असतो, बोटांत नसतो. कारण बोटांचे बारीक स्नायू अजून तयार झालेले नसतात. तरीही वर्षअखेरीस अक्षरे गिरवलेली वही घरी गेली नाही, तर पालक विचारतात, "त्याच्या बरोबरची मुलं लिहितात, मग हाच का लिहीत नाही?" त्याच्या बरोबरची म्हणजे त्याच्यापेक्षा दीड वर्षाने मोठी मुले, हे मी दरवर्षी समजावते. पण तोपर्यंत घरात शिकवणी लावण्याची बोलणी सुरू झालेली असतात. मी स्वतःही सुरुवातीच्या काळात अशा मुलांना 'जरा मागे आहे' असे प्रगतिपुस्तकात लिहिले आहे, आणि ते आठवले की आजही वाईट वाटते. त्या मुलांत काहीही कमी नव्हते. ती फक्त लहान होती.

हा माझ्या एकटीच्या वर्गाचा अनुभव नाही. अमेरिकेतील ज्या राज्यांत शाळाप्रवेशाचे वय १ सप्टेंबरला मोजतात, तेथील मुलांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेली, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेली मुले आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेली, म्हणजे वर्गात सर्वांत मोठी असलेली मुले यांची त्यात तुलना होती. अवधान कमी असणे आणि अतिचंचलता या विकाराचे निदान ऑगस्टच्या मुलांत ३४ टक्क्यांनी अधिक आढळले. जिथे १ सप्टेंबरची अट नव्हती, तिथे या दोन महिन्यांच्या मुलांत असा फरक दिसला नाही. एका महिन्याच्या अंतराने जन्मलेल्या मुलांच्या मेंदूत असा फरक कुठून येणार? फरक होता तो वर्गातील स्थानाचा, आणि ते स्थान तारखेने ठरवले होते. शहाणे डॉक्टरसुद्धा जिथे फसतात, तिथे चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणारी ताई आणि काळजीत पडलेले आईबाप फसले तर नवल नाही.

पालकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. गुजरातमध्ये पहिलीसाठी १ जूनला ६ वर्षे पूर्ण होण्याची अट लागू झाल्यावर काही पालक उच्च न्यायालयात गेले, तेव्हा २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळताना, तीन वर्षांखालील मुलांना पूर्वप्राथमिक शाळेत जाण्यास भाग पाडणे हे पालकांचे बेकायदा कृत्य आहे, असे कठोर शब्दांत सुनावले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण अडीच वर्षांच्या मुलाला शाळेत घालणारी आई हौसेने तसे करते, असे मला कधीच दिसले नाही. खासगी नोकरीतील आईला कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते, तीही जिथे कायदा पाळला जातो तिथेच. मूल सहा महिन्यांचे झाले की ती कामावर परतते आणि शाळेचे वय होते तीन वर्षांनी. मधली अडीच वर्षे मुलाला कोणी पाहायचे? ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय हवी, असे बंधन मातृत्व रजेच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने घातले. आमच्या गावातील कापड दुकानात, पतसंस्थेत, सूतगिरणीच्या ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बायकांना त्या तरतुदीचा काय उपयोग? पूर्वी सासूबाई किंवा आई सांभाळत असत. आता त्याही शेतात, नाहीतर बचत गटाच्या पापड-लोणच्यांच्या कामात असतात. अशा घराला नर्सरी हेच पाळणाघर वाटते, आणि ३१ डिसेंबरची तारीख हीच एक सुटका वाटते. तारीख मागे घ्या म्हणणाऱ्या माझ्यासारखीने या बायकांना उत्तर दिले पाहिजे, हे मला मान्य आहे, आणि ते मी पुढे देण्याचा प्रयत्न करते.

त्याआधी, जे पालक थांबायला तयार आहेत त्यांचीही कशी कोंडी होते, ते सांगितले पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलगा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. उशिरा बोलू लागलेला, शांत स्वभावाचा. आईने माझा सल्ला विचारला आणि मी तिला एक वर्ष थांबायला सांगितले. पुढच्या वर्षी ती शहरातील एका शाळेत अर्ज घेऊन गेली, तेव्हा तिथे तिला सांगण्यात आले, की याच्या वयाची मुले आमच्याकडे ज्युनिअर केजीत आहेत, नर्सरीत घेता येणार नाही, आणि ज्युनिअर केजीत जागा शिल्लक नाही. नियमाच्या वरच्या मर्यादेत ते मूल स्पष्टपणे बसत होते. तरीही तिला तीन शाळा फिराव्या लागल्या, आणि अखेर जिथे प्रवेश मिळाला तिथे घरापासून रिक्षाने पाऊण तास लागतो. त्या आईने मला दोष दिला नाही. पण त्यानंतर कोणालाही 'थांबा' म्हणताना माझी जीभ अडखळते. थांबण्याचा हक्क कागदावर असून भागत नाही. थांबलेल्या मुलाची जागा पुढच्या वर्षी अडवली जाणार नाही, ही हमी लागते.

आमचा भाग सीमेलगतचा, आणि सैन्यात जाणाऱ्यांचाही. त्यामुळे आणखी एक अडचण आमच्याकडे ठळकपणे दिसते. केंद्रीय विद्यालयांत २०२२-२३ पासून पहिलीसाठी ३१ मार्चला ६ वर्षे पूर्ण हवीत. त्याविरुद्ध पालक न्यायालयात गेले, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो नियम टिकला. पलीकडे कर्नाटकात वय १ जूनला मोजतात. आपल्याकडे ३१ डिसेंबर. माझ्या वर्गातील एका जवानाची मुलगी नोव्हेंबर २०१८ ची. आपल्या नियमाने ती जून २०२४ मध्ये पहिलीत गेली असती. त्याच वसंतात वडिलांची बदली झाली आणि नव्या गावी मार्चअखेरीस ती ५ वर्षे ४ महिन्यांची भरली. तीन वर्षे बालवाडी केलेली, आपले नाव लिहिणारी ती मुलगी पुन्हा मोठ्या शिशुवर्गात बसली. निपाणी-कागल, बेळगाव-चंदगड या पट्ट्यात तर सोयरिकी दोन्हीकडे असतात. माहेरी वाढलेले मूल सासरच्या गावी शाळेत घालायचे म्हटले, की वीस-पंचवीस किलोमीटरवर वयाचा हिशेब बदलतो. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा सगळ्या देशासाठी एक मानला, आणि पहिलीचे वय सहा ठेवा, असे केंद्राने २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यांना पुन्हा कळवले. वय एक झाले, पण ते कोणत्या दिवशी मोजायचे हे राज्याराज्यांत वेगळे राहिले, आणि वर्षभराचा फरक नेमका त्या दिवसातच दडलेला आहे.

कोणी म्हणेल, मग उद्यापासूनच १ जून करून टाका. तसे अजिबात करू नये. कर्नाटकाचा अनुभव ताजा आहे. तिथे १ जूनला ६ वर्षांचा आदेश २०२२ मध्ये निघाला आणि २०२५-२६ पासून लागू व्हायचा होता. परंतु आदेशापूर्वीच ज्यांनी मुलांना खालच्या वर्गांत घातले होते, त्यांची मुले पहिलीच्या तोंडाशी येऊन अडकली. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये सरकारला त्या एका वर्षापुरती ५ वर्षे ५ महिन्यांची सवलत द्यावी लागली. यातून माझ्यासारख्या बालवाडीच्या बाईला एवढेच कळते, की पहिलीचे वय बदलायचे असेल तर बदल नर्सरीच्या दारातून सुरू केला पाहिजे. जे मूल आज नर्सरीत आहे, त्याला त्याच्या प्रवेशाच्या दिवशीचा नियम पहिलीपर्यंत लागू राहिला पाहिजे. नवा नियम फक्त नव्याने येणाऱ्या मुलांना लागावा आणि तो त्यांच्याबरोबर एकेक वर्ग वर चढावा. आपल्या राज्याने २०१५ मध्ये पहिलीचे वय चार-चार महिन्यांनी वाढवण्याचे टप्पे आखले होते. म्हणजे हे काम आपल्या शिक्षण विभागाला नवीन नाही. ३१ डिसेंबरवरून दरवर्षी दोन महिने मागे येत ऑक्टोबर, ऑगस्ट आणि मग जून, असे आलो, तर एकाच वर्षी फार कुटुंबांना वर्षभर थांबण्याचा धक्का बसणार नाही. आणि ज्या घरात मूल अजून सहा महिन्यांचे आहे, त्या घराला त्याचा जून कोणता हे आजच कळेल.

आता पाळणाघराचा प्रश्न. अंगणवाडीची मूळ कल्पना आपल्याच मातीतली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम नेले, तेव्हा मूल शाळेपर्यंत येत नाही म्हणून त्या शाळा घेऊन पाड्यावरच्या अंगणात गेल्या. तिथे आंघोळ घालणे, केस विंचरणे, गाणे, झोप आणि खाऊ हाच अभ्यास होता. अडीच वर्षांच्या मुलाला आजही नेमके तेच हवे असते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे आता गावोगाव अंगणवाडी आहे, सेविका आहे, मदतनीस आहे. पण ती दुपारी बंद होते आणि आईचे काम संध्याकाळी संपते. तीन वर्षांखालील मुलांसाठी निवडक अंगणवाड्या कामाच्या वेळेपर्यंत उघड्या ठेवायच्या, त्यासाठी सेविकेला वाढीव मानधन आणि एक जास्तीची मदतनीस द्यायची, ही मागणी तारखेच्या बदलाबरोबरच मान्य झाली पाहिजे. नुसती तारीख मागे नेली, तर ज्यांना परवडते ते पैसे देऊन खासगी पाळणाघर शोधतील आणि बाकीच्यांच्या घरी सात वर्षांची ताई शाळा बुडवून धाकट्याला सांभाळत बसेल. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या शिवारातील खोप्यांवर हे चित्र मी दरवर्षी पाहते.

खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांची नोंदणी करून घेण्याचे काम राज्य सरकारने २०२५ मध्ये हाती घेतले, हे चांगले झाले. त्या नोंदणीत प्रत्येक वर्गातील मुलांचे वय महिन्यांत नोंदवणे बंधनकारक करावे, अशी माझी सूचना आहे. वर्गात सर्वांत लहान मूल किती महिन्यांचे आहे, हे ताईला पहिल्याच दिवशी माहीत असले, तर प्रगतिपुस्तकात 'मागे आहे' असे लिहिण्यापूर्वी तिचा हात थांबेल. तसेच वरच्या वयोमर्यादेत बसणाऱ्या मुलाला 'वय जास्त झाले' म्हणून परत पाठवणाऱ्या शाळेची तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे एका साध्या अर्जावर करता यावी आणि तिचा निकाल प्रवेश संपण्याच्या आत लागावा.

पुढील वर्षाचे प्रवेशाचे परिपत्रक निघण्यापूर्वी शिक्षण विभागाने एवढे जरूर करावे : ज्या अधिकाऱ्यांकडे ही तारीख ठरवण्याचे काम आहे, त्यांनी जुलैतील कोणत्याही एका दिवशी, कोणत्याही एका बालवाडीत, सकाळी दहा ते एक बसावे. नोव्हेंबर आणि डिसेंबरची मुले कोणती, हे त्यांना हजेरीपत्रक न पाहताच ओळखता येईल.

आपली विश्वासू,
एक बालवाडी शिक्षिका,
जिल्हा कोल्हापूर